पन्नासच्या आतलं पाणी

"बाबा, आईच्या गणितावर तुमचा विश्वास आहे, की दुसरा इलाजच नाही?"

विचारून दाखव म्हणून मैत्रिणींनी पैज लावली होती, आणि फटाकीने जेवताना तो प्रश्न धाडकन टाकलाच. बाबा हसायला गेले आणि बरगडी धरून बसले.

"दुसरा इलाजच नाही गं बाई!"

बाबा पाणबुडे, धक्क्याखालचे खांब दुरुस्त करायचे. आई त्याच बंदराच्या कचेरीत. लाटेची उंची, दोन लाटांमधला वेळ आणि खोली यांवरून तळाशी पाणी किती वेगाने हलेल, ते ती काढायची. वर पाण्याचा थेंब गोल फिरतो, खाली जाता जाता ते गोल चपटे होतात आणि तळाशी नुसतं पुढे-मागे. सेकंदाला पन्नास सेंटिमीटरच्या आत असलं, की पाणबुड्याने उतरायचं. मागच्या महिन्यात आकडा आला सेहेचाळीस, आणि पाण्याने बाबांना उचलून खांबावर आपटलं.

आता सोमवारी पुन्हा उतरायचं होतं. आईचा आकडा पंचेचाळीस.

फटाकीचं गणित हल्ली भलतंच जोरात होतं. आईच्याच जाडजूड पुस्तकातून तिने अवघड रीत हुडकली होती.

"तुझी रीत लाटेला गुळगुळीत धरते, आई. खरी लाट माथ्याला टोकदार असते. माथा वरून जाताना खाली पाणी जास्त जोरात धावतं. त्रेपन्न! तीनदा केलंय. लिही की त्रेपन्न!"

आईने कागद पाहिला. "बरोबर आहे तुझं."

"मग?"

"बाबा पडले त्याच दिवशी ही रीत साहेबांना दाखवली मी. म्हणाले, कचेरीत एकच रीत चालते. आणि नवऱ्यासाठी गुपचूप त्रेपन्न लिहू? गेल्या आठवड्यात पंचेचाळीसवर दुसऱ्या कुणाचा तरी नवरा उतरवलाय मी."

"बाबा, मग तुम्ही नाही म्हणा ना!"

"मी नाही म्हटलं तर माझ्या जागी तुझा काका उतरेल, तोही पाणबुड्याच. सांगू त्याला उतरायला?"

टाळ्याला जीभ न लागणाऱ्या फटाकीने कागद बाबांपुढे सरकवला. "पण खरा आकडा कोणता?"

"तो मला खाली गेल्यावरच कळतो," बाबा म्हणाले आणि भाकरी मोडू लागले.

फटाकी उठून उभी राहिली.

"सोमवारी मी शाळेत जाणार नाही. घड्याळ घेऊन धक्क्यावर बसणार, एकेक लाट मोजणार. त्याने काही थांबणार नाही, ठाऊक आहे मला. तरी बसणार. शाळेची चिठ्ठी तुम्ही लिहा, नाहीतर मी लिहीन."