फिंतासच्या गच्चीवरचे खिंडार

मित्रांनो, मी एक जुना कठडा आहे. कुवेतमध्ये फिंतासला, समुद्राजवळ, एक दुमजली घर आहे. त्याच्या गच्चीवर मी चारी बाजूंनी उभा असतो. लोक वारा खायला वर येतात, माझ्यावर कोपर टेकतात, चहाचे कप ठेवतात आणि माझ्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. असो. कठड्याचे कौतुक कोण करणार?

मला हमीदभाईंनी बांधले. ते रेवदंड्याचे. गवंडीकाम ते गावातल्या हायम मेस्त्रींच्या हाताखाली शिकले. हायम मेस्त्री बेने इस्रायल, म्हणजे आपले कोकणातले ज्यू. शनिवारी ते थापीला हात लावत नसत आणि कठडा झाल्याशिवाय घर पुरे झाले असे कधी म्हणत नसत. त्यांच्या धर्मग्रंथात, तोरात, तशी आज्ञाच आहे: नवे घर बांधशील तर गच्चीला कठडा घाल, नाहीतर तिथून पडणाऱ्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घराला लागेल. "नगरपालिका आत्ता सांगाया लागली, आमच्यात हे कवापासून हाय," असे ते मिशीत हसत म्हणायचे. हमीदभाई पक्के नमाजी, पण मेस्त्रींची ही शिकवण त्यांनी परदेशातही सोडली नाही. त्यांनी मला कमरेच्या वर नेले तेव्हा बसल्या जागेवरून समुद्र दिसत नाही म्हणून घरमालक कुरकुरला. मी मात्र चांगलाच फुशारलो.

मग नव्वदच्या ऑगस्टमध्ये इराकी फौजा कुवेतमध्ये घुसल्या. मालक देश सोडून गेला. खाली हमीदभाई राहिले आणि वरच्या मजल्यावर दिनकर आणि त्याची बायको शामला. दिनकर इस्पितळात मोडलेल्या हाडांना प्लास्टर घालायचे काम करी. जॉर्डनकडे नेणाऱ्या बसमध्ये जागा कधी मिळते, याची तिघे वाट बघत होते.

एक दिवस घरातला गॅस संपला. शामलाने गच्चीवर चूल मांडायचे ठरवले आणि दिनकरने चुलीसाठी माझ्या मागच्या बाजूचे सिमेंटचे ठोकळे पहारीने उचकटले. माणूस सहज जाईल एवढे खिंडार पडले.

हमीदभाई ठोकळे बघून कळवळले. "दिनकरभाऊ, हे बरं नाय केलं. कोन पडला तर?"

"इथे खायचे वांधे झालेत आणि तुम्हाला कठड्याची पडलीये! नगरपालिकेचा माणूस येणार आहे का बघायला?"

"कायदेवाले पळाले म्हनून कायदा पळाला काय?"

"वर येऊन येऊन येणार कोण? ते सैनिकच ना? पडला एखादा तर पडू दे."

"अहो, असं काय बोलता?" शामला म्हणाली.

"सकाळी मी बुजवतो," एवढेच बोलून हमीदभाई खाली गेले. आणि मी? मला दिनकरचे बोलणे आवडले. पडू दे एखादा, असे मलाही वाटले. कुणी पडू नये म्हणून जन्मलेला मी!

त्याच संध्याकाळी धूर बघून एक सैनिक वर आला. मिसरूड नुकतीच फुटलेली. त्याने चुलीवरच्या पातेल्यात डोकावून पाहिले. खिचडी होती. तेवढ्यात वारा फिरला आणि सगळा धूर त्याच्या तोंडावर गेला. डोळे चोळत, खोकत तो मागे सरकू लागला. मागे खिंडार होते.

'दीर बालक', म्हणजे सांभाळ, हे शब्द दिनकर इस्पितळात कुबड्या घेतलेल्यांना दिवसभर सांगत असे. ते आता त्याच्या ओठांवर आले आणि तिथेच थांबले. ओरडले ते जिना चढून येणारे हमीदभाई. पण उशीर झाला होता, तो पोरगा खिंडारातून खाली गेला.

खाली बांधकामाची वाळू पडली होती म्हणून तो वाचला. पाय मात्र मोडला. दिनकर धावत खाली गेला, फळी आणि पंचा घेऊन त्याने तो पाय बांधला. सैनिकाचे सोबती बंदुका रोखून आले. आता घरातल्या सगळ्यांना नेतात, असेच शामलाला वाटले. पण तो सैनिक कण्हत त्यांना म्हणाला, "कुणाची चूक नाही. माझाच पाय घसरला." मग दिनकरचा हात धरून म्हणाला, "रहमतुल्ला अला वालदैक."

ते गेल्यावर शामलाने विचारले, "काय हो म्हणाला तो तुम्हाला?"

"तुझ्या आईबापांवर देवाची कृपा असो, म्हणाला," दिनकरने सांगितले आणि तो वाळूतच बसून राहिला. त्या सैनिकाने शिवी घातली असती तर दिनकरला आणि मलाही बरे वाटले असते.

उजेड होता तोवर दिनकरने चूल मोडली आणि काळे पडलेले ठोकळे स्वतः हमीदभाईंच्या हाती दिले. हमीदभाईंनी मला पुन्हा सांधले. माझा तो भाग काळाच राहिला आणि तिकडे कुणी बघितले की मला मेल्याहून मेल्यासारखे होते.

मित्रांनो, तुमच्या गच्चीचा कठडा कुठे ढासळला असेल तर आजच्या आज नीट करा. पडणारा आपला असेल की परका, याचा विचार करत बसू नका. आम्ही तोच विचार करत बसलो आणि तेवढ्यात तो पडला.