बाहेरून लागणारी कडी

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी कडी आहे. या दाराच्या आतल्या बाजूला चार छिद्रं आणि माझ्या आकाराचा एक फिका पट्टा आहे. बाहेरच्या बाजूला चार स्क्रू आहेत, आणि त्यांच्यामध्ये मी.

मला लोहाराने घडवलं, सुताराने आतून बसवलं. घर सुईणबाईंचं. हाक आली की त्या पिशवी उचलत, मला सरकवत आणि निघत. "आपली कडी कधी अडून बसत नाही," असं लेकीला कौतुकाने सांगत. मला अधूनमधून तेलाचा थेंब मिळे.

मग गल्लीत एक चोरी झाली. सगळ्यांनी मिळून ठरवलं की, दिवेलागणीनंतर कड्या बाहेरून लावायच्या आणि ते काम पहारेकरी काकांनी करायचं. सुताराने मला उलट्या बाजूला बसवलं. "आता निवांत झोपा," तो म्हणाला. आणि खरंच सगळे निवांत झोपले.

सुईणबाईंनी आतून टकटक केली की काका विचारत, "आज कोणाला घाई झाली?"

"बाळाला अजून नियम माहीत नाहीत, काका."

काका हसत आणि मला सरकवत.

पुढे काकांवर भार नको म्हणून पहारेकऱ्यांच्या मुख्य कचेरीने प्रत्येक कडीला तार जोडली. साऱ्या तारा चौकातून जाऊन कचेरीतल्या एकाच दांड्याला मिळाल्या. त्या संध्याकाळी मला कोणीही हात लावला नाही. तरी मी सरकले. गल्लीतल्या सगळ्या कड्या सरकल्या. आवाज एकच झाला.

आज रात्री समोरच्या घराच्या बंद दाराआडून सुनेचं कण्हणं ऐकू आलं. सुईणबाईंनी टकटक केली.

"काका, तिचं पहिलंच आहे. उघडा."

"दोन्ही हातांनी ओढतोय, ताई. सरकतच नाही. वर कळवलंय."

"वर कोण असतं?"

"ते कधी विचारलंच नाही."

मलाही सरकायचं होतं. तार ताणलेली होती.

मग कण्हणं थांबलं. बाळाचं रडणं काही ऐकू आलं नाही.

मित्रांनो, आपल्या दाराची कडी कोणत्या बाजूला आहे, ते मधूनमधून हात लावून बघत जा. माझ्या तेलाची काळजी करू नका. हल्ली ते कचेरीतून वेळेवर येतं. मी पूर्वीपेक्षा गुळगुळीत आहे.

सुईणबाई अजून आतून ढकलताहेत. दार तीन मिलिमीटर हलतं.