बिरवाडीचे समरस कुटुंब

‘अवघ्या काही महिन्यांत हे फिनिश कुटुंब स्थानिक रीतीरिवाजांशी पूर्णपणे समरस झाले आहे,’ असे कंपनीच्या गृहपत्रिकेत छापून आले. सोबत छायाचित्र होते. नऊवारी नेसलेली काइसा, तिच्या कपाळावर हळदीकुंकू, शेजारी घरमालकीण ठमाबाई, आणि पुढे आळीतल्या मुलींच्या घोळक्यात सात वर्षांची वेन्ला.

अशा विधानांची एक सोय असते. ‘रीतीरिवाज’ म्हटले की वाचणाऱ्याला गौरी-गणपती, घावणे, पालखी असे काहीतरी रम्य आठवते आणि ‘पूर्णपणे’ या शब्दापाशी कोणी थांबत नाही. नऊवारी नेसणे ही रीत आहे. उंबऱ्याच्या कोणत्या बाजूला कोणी उभे राहायचे, हीही रीतच आहे. समरस व्हायचे ते नेमके कशाशी, हा प्रश्न गृहपत्रिकेला पडला नाही, दीप्तीला पडला. विधान खोटे असते तर तिने ते हसून सोडून दिले असते.

दीप्ती महाडच्या एका शाळेत मराठी शिकवते आणि दासगावच्या बौद्धवाडीत सासूबाईंसह, म्हणजे सुंदराबाईंसह, राहते. काइसाचा नवरा यूहा हा सांडपाण्याच्या शुद्धीकरणातला तज्ज्ञ; कंपनीने त्याला सहकुटुंब बोलावून घेतले होते. शुद्धीकरण हा शब्द या तालुक्याला नवा नाही, पण ते यूहाला कोण सांगणार? त्याच्या बायकोमुलीला इथे रुळवण्यासाठी एखादी शिकलेली स्थानिक बाई हवी होती, आणि विचारणा दीप्तीकडे आली. शाळा सुटल्यावर ती बिरवाडीला, ठमाबाईंच्या घराच्या वरच्या मजल्यावर जाऊ लागली.

पहिल्याच दिवशी काइसाने मायदेशाहून आणलेल्या निळ्या कपांत कॉफी ओतली. एक कप दीप्तीपुढे ठेवला, एक स्वतः घेतला आणि म्हणाली, “मॅडम नको. काइसा.” बिरवाडीतल्या कोणत्याही स्वयंपाकघरात दीप्ती याआधी बसलेली नव्हती. त्या कपाविषयी ती घरी काही बोलली नाही. बोलण्याइतकी ती गोष्ट मोठी नसावी, अशीच तिची इच्छा होती.

तिने काइसाला मराठी बोलायला शिकवले, भाजीवाल्याशी घासाघीस शिकवली, वीज गेल्यावर कोणाला फोन करायचा ते शिकवले, कारखान्यांकडून उग्र वास येऊ लागला की कोणत्या बाजूच्या खिडक्या लावायच्या ते शिकवले. एके दिवशी तिने तिला महाडचे तळेही दाखवले. या पाण्याला हात लावण्यासाठी आपल्या पणजोबांना मार खावा लागला होता आणि मागाहून गावाने ते पाणी ‘शुद्ध’ करून घेतले होते, हे तिने शांतपणे सांगितले. काइसाने डोळे पुसले. “आमच्याकडे असं होऊच शकत नाही,” ती म्हणाली. हे खरेच होते. त्यांच्याकडे होऊ शकत नव्हते.

वर मात्र कोणी येत नसे. आळीतली मुले अंगणात खेळत आणि वेन्ला गॅलरीच्या गजांतून त्यांच्याकडे पाहत बसे. ठमाबाई भाडे घेत, नमस्कार घेत आणि दार लावून घेत. काइसा दीप्तीला पुन्हा पुन्हा विचारी, “आमचं काय चुकतं?” दीप्तीला उत्तर ठाऊक होते. ते तिने दिले नाही. विद्वत्तेच्या पोटी असा भित्रेपणा पुष्कळदा वाढतो.

मग एकाएकी सगळे पालटले. मुले जिना चढून वर येऊ लागली, खालून घावण्यांची ताटली येऊ लागली, काइसाला हळदीकुंकवाचे बोलावणे आले. दीप्तीला मनापासून आनंद झाला. त्याच सुमारास तिची कॉफी स्टीलच्या ग्लासातून येऊ लागली. कप फुटले असतील, असे तिने स्वतःला समजावले. मुलांचा राबता वाढला, स्टील बरे. ज्या खुणांवर तिने वर्गात तासन्‌तास व्याख्याने दिली होती, त्या स्वतःच्या हातात आल्यावर तिला वाचता आल्या नाहीत. किंवा वाचायच्या नव्हत्या.

याच आनंदात तिने त्या तिघांना रविवारी दासगावला जेवायला बोलावले. काइसाने होकार दिला.

“येतील म्हनतेस?” सुंदराबाईंनी विचारले.

“येतील हो आई. कबूल केलंय तिनं.”

“गोरी हाय म्हनून काय झालं गो? ऱ्हाते कुनाच्या घरात ते बघ.”

“ती तशी नाही.”

“तशी घरातून कोन निघते? हितं येऊन होत्यात.”

असे म्हणूनही सुंदराबाईंनी ठेवणीतली चादर बाहेर काढली, कोलंबीवाल्याला सांगून ठेवले आणि तिखट कमी घालायचे स्वतःलाच दोनदा बजावले. बिरवाडीतून त्यांच्या घरी जेवायला आजवर कोणी आलेले नव्हते.

शनिवारी वेळ ठरवायला दीप्ती बिरवाडीला गेली. जिन्यात ठमाबाई भेटल्या. आज त्या चक्क हसल्या.

“मास्तरीणबाई, तुमची गोरी लई शानी हो! एकदा सांगितलं, पुन्हा सांगाय लागलं नाय. आमच्या सुनांना कळत नाय ते तिला कळलं.”

“काय सांगितलंत?”

“घरातलं काय ते. तुमाला काय करायचंय त्याचं?”

दीप्ती वर गेली. गॅलरीच्या कठड्यावर, कुंडीशेजारी, स्टीलचा एक ग्लास पालथा घातलेला होता. आत मांडणीवर निळे कप ओळीने होते. एकही फुटलेला नव्हता. तिने हात वर करून त्यातला एक काढला आणि ओट्यावरच्या किटलीकडे वळली.

“दीप्ती, तो नको,” काइसा म्हणाली. “तुझा ग्लास बाहेर आहे.”

वाक्य निर्दोष होते. प्रत्येक उच्चार दीप्तीनेच महिनोन्महिने घासूनपुसून घेतला होता. ठमाबाईंना इंग्रजी येत नाही. त्यांना जे सांगायचे होते ते काइसाला कळले ते दीप्तीच्या मराठीतून.

“का?”

“इथली पद्धत आहे.”

“आणि उद्या?”

“उद्या आम्ही येऊ शकत नाही.”

“ठमाबाईंनी मना केलं?”

“नाही. त्यांनी विचारलं, कुठे जाणार. मी म्हटलं, कुठेच नाही.”

दीप्तीने कप खाली ठेवला नाही. परक्या माणसाला अज्ञानाचा आडोसा नेहमीच मोकळा असतो. तो तिने स्वतःच पुढे केला. सुंदराबाईंच्या चादरीसाठी, त्या कोलंबीसाठी, आणि खरे तर स्वतःसाठीच. एवढे एक घर तिला हवे होते.

“ग्लास वेगळा ठेवायला सांगितलं, त्याचा अर्थ तुला कळला नसेल, काइसा. तसं म्हण. मी ऐकेन.”

काइसाने वेन्लाच्या खोलीचे दार ओढून घेतले. आत आळीतल्या मुली खिदळत होत्या. मग ती सावकाश, शिकवल्याप्रमाणे शब्द सुटे सुटे उच्चारत म्हणाली:

“कळला होता. म्हणून तर मी का ते विचारलं नाही. ठमाबाई म्हणाल्या, एक ग्लास बाहेर ठेव, मग सगळे वर येतील. मी ठेवला आणि दुसऱ्या दिवशी मुली आल्या. मला वाटलं होतं, खूप जड जाईल. नाही गेलं, दीप्ती. इथं आल्यापासून मी जे जे शिकले, त्यात हेच सगळ्यात सोपं होतं.”