शांत स्वभावाचा नर

उजेड आधी समोरच्या इमारतीवरच्या पाण्याच्या टाकीवर आला. काळ्या टाकीची कड पिवळसर झाली, मग तिच्याखालची ओल धरलेली भिंत, मग गच्चीवर विसरलेली एक चादर. बऱ्याच वेळाने तो रस्ता ओलांडून बद्रीनाथच्या खिडकीशी पोचला आणि बारीक जाळीतून गाळला जाऊन, चौकोनी तुकड्यांनी फरशीवर उतरला. मुकुंदवाडी स्टेशनात एक गाडी थांबून निघूनही गेली, तोवर ते तुकडे जेमतेम एक फरशी पुढे सरकले होते. शेवटी ते सुलतान बोक्याच्या पाठीवर चढले. पांढऱ्या केसांच्या टोकाटोकाला उजेड लागला आणि एवढ्याशा खोलीत धुके साचल्यासारखे दिसू लागले. बद्रीनाथ कंगवा हातात धरून थांबून राहिला. विंचरायला सुरुवात केली असती तर ते धुके मोडले असते.

भिंतीला टेकून त्याचे वडील, कारभारी आबा, चहा पीत होते. वैजापूरकडून मेंढरांचे औषध न्यायला ते आदल्या दिवशी शहरात आले होते आणि मुलाकडे मुक्कामाला राहिले होते. दोन वर्षांत ते या खोलीत पहिल्यांदाच आले होते. बद्रीनाथ तर त्या दोन वर्षांत एक रात्रही घरी राहिला नव्हता. सुलतानला ऊन सोसत नाही, त्याला एकटे ठेवता येत नाही, खिडकी उघडता येत नाही, असे तो फोनवर सांगे. आणि ते सगळे खरेच असे.

आबांनी बोक्याकडे नीट पाहिले.

"तोंडावर दार आपटलं का ह्याच्या?"

"नाय आबा. जातच तशी हाय."

माणसांत मान खाली घालून बसणारा बद्रीनाथ या एकाच विषयावर मोकळेपणी बोलू शके. विंचरता विंचरता तो सांगत गेला. ही पर्शियन जात. हिचे पूर्वज इराणातल्या खुरासानचे. चारशे वर्षांपूर्वी एका इटालियन प्रवाशाने अशी लांब केसांची मांजरे युरोपात नेली आणि पुढे तिथल्या शौकिनांनी पारखून पारखून जोड्या लावल्या. दाट केस, आखूड पाय, तांब्याच्या रंगाचे डोळे. आणि स्वभाव अतिशय शांत. उड्या नाहीत, ओरडणे नाही, दिवसभर नुसती घुरघुर. तीच समाधानाची खूण.

आबांनी बाजारात विचारावे तसे विचारले. ह्याची आई कोणती, बाप कोणता, कितव्या वेताचा. मग त्यांना त्यांच्या आज्याची गोष्ट आठवली. निजामाचे राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शननंतर दोन-तीन सालांनी आजा एका जहागीरदाराच्या बंगल्यावर घोंगड्या द्यायला गेला होता, तेव्हा तिथे गादीवर अशीच केसाळ मांजर होती.

"तिला नाक होतं म्हणायचा. ह्याचं कुठं गेलं?"

लोकांनी मागच्या साठ-सत्तर वर्षांत चपट्या तोंडाचीच निवडून ठेवली, बद्रीनाथने सांगितले. लोकांना असे तोंड आवडते.

"आन् त्याला?"

बद्रीनाथने कंगव्यातले केस काढून त्यांची गोळी केली.

अकरा वाजता कटकट गेट भागातल्या शाहीन आपा येणार होत्या. निवृत्त शिक्षिका, शहरातल्या मांजरे पाळणाऱ्यांत त्यांचा शब्द चाले. त्यांनी आपली मोती ही मादी सुलतानसाठी आणायचे ठरवले होते आणि नातींनी पिल्लांची नावेही काढून ठेवली होती. बद्रीनाथची आधी कृषी पदवी, मग स्पर्धा परीक्षांत तीनदा अपयश. त्यानंतर माणसे आपणहून दार शोधत यावीत असे, मांजरांच्या पैदाशीचे हे त्याच्या हातचे पहिले काम होते. या जोडीवर ते उभे राहणार होते.

होळीच्या सुमारास झालेल्या सुलतानच्या तीन पिल्लांविषयी त्याने आबांना काही सांगितले नाही. त्यातली दोन पहिल्या आठवड्यातच मेली. त्याने मादीच्या मालकाला उन्हाचे कारण दिले. तिसरे तोंड उघडे ठेवूनच झोपते, असे लिहून मालकाने फोटो पाठवला होता. तो त्याने एकदाच पाहिला होता.

आबांनी कप ठेवला, पुढे सरकून बसले आणि मेंढीला लावतात तसा सुलतानच्या बरगडीला कान लावला. बोटांच्या पेरांवर काही मोजले. वरचा ओठ उचलून हिरड्यांचा रंग पाहिला. सुलतानने काहीच हरकत घेतली नाही.

"घुरघुरतोय," बद्रीनाथ म्हणाला. "खूश असला की..."

"झोपंत बी?"

खाली भाजीवाल्याची हाळी येऊन गेली.

"झोपंत बी," बद्रीनाथ म्हणाला.

आबा रागावले नाहीत. आपल्या कळपातल्या एका एडक्याविषयी ते बोलत राहिले. लोकर अशी की चार गावचे लोक बघायला येत. पण जबडा वाकडा होता, आणि कोकरांना दूध ओढता येईना.

"काढला का मग त्याला?"

"कशापायी? त्याचा काय गुन्हा? मरेपत्तर सांभाळला. माद्यांत तेवढा सोडला नाय."

वैजापूरसाठी रोटेगाव स्टेशनात उतरायला त्यांना दहाची गाडी धरायची होती. औषधाची पिशवी उचलून ते दाराशी थांबले.

"तुझी माय साऱ्या गावाला सांगती, बद्री लई शांत. कसली म्हणून तक्रार नाय."

त्यांनी मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात खाली सरकत बरगडीपर्यंत आला, क्षणभर तिथे थांबला, आणि त्यांनी काढून घेतला. मग ते जिना उतरून गेले.

शाहीन आपा वेळेवर आल्या. मोतीची टोपली त्यांनी फरशीवर ठेवली, धाप लागल्यामुळे थोडे बसून पाणी मागितले आणि सुलतानकडे पाहून हसल्या.

"कित्ता खुश है रे ये, बद्रीभाई. जिने तक आवाज आरी."

एरवी त्याने नुसती मान हलवली असती. दोन वर्षे तो ती हलवतच आला होता. आपा टोपलीची कडी काढू लागल्या. आत मोतीचे गुलाबी नाक जाळीला लागले होते.

"आपा, तिला बाहेर काढू नका," तो म्हणाला.

आपांनी कडीवरचा हात न काढता विचारले, का.

बद्रीनाथने सुलतानकडे पाहिले. सुलतान खूश नव्हता. त्याला श्वास पुरत नव्हता, आणि या खोलीत आणल्या दिवसापासून तो कधीच पुरला नव्हता.