पंपावर राहिलेली बाई

शिवणयंत्रं दुरुस्त करणाऱ्या माणसाने अबोल असावं असा काही नियम नाही, पण मिस्त्री होते. समोरच्याने दहा वाक्यं बोलावीत तेव्हा यांचा एक हुंकार निघायचा, तोही नाकातून. त्यांची बायको बालवाडीत शिकवायची. तिला सगळे बाई म्हणत, घरातसुद्धा, आणि बाईंच्या तोंडाला दिवसभर विश्रांती नसे. लेकीचं लग्न झालं, घर खायला उठलं, तेव्हा वर्षानुवर्षं नुसती बोलण्यात असलेली मोटारसायकलची सफर दोघांनी एकदाची काढली.

काल संध्याकाळी मुक्कामाच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालता घालता बाई म्हणाल्या, "परत गेल्यावर मी ताईकडे राहायला जाणार आहे. कायमची."

"चेनला तेल द्यायचंय," म्हणून मिस्त्री बाहेर पडले. चेनला तेल सकाळीच दिलेलं होतं.

आज रस्ता उघड्या माळावरून होता. ना झाड, ना घर, नुसता वारा. गाडी सारखी एका अंगाला ढकलली जात होती. हेल्मेटमुळे एकमेकांचं बोलणं धड ऐकू येत नसे, म्हणून त्यांनी खुणा ठरवल्या होत्या: उजव्या खांद्यावर एक थाप म्हणजे 'हो' किंवा 'चला', दोन थापा म्हणजे 'थांबा'. मिस्त्रींना ही व्यवस्था फारच आवडली होती. संसारही असाच करता आला असता तर काय हवं होतं!

माळाच्या मध्यावर एक पेट्रोल पंप लागला. टाकी भरली, मिस्त्री बसले, गाडी सुरू केली आणि नेहमीसारखी थापेची वाट पाहू लागले. थाप पडली. ते निघाले.

हेल्मेटच्या आत माणूस एकटा असतो. शिवाय बायको पाठीमागे, म्हणजे तोंडाकडे बघायचीही गरज नाही. मिस्त्रींनी घसा खाकरला आणि बोलायला लागले. आधी चाचरत, मग बांध फुटल्यासारखे.

"तुला वाटतं मी ऐकत नाही. मशीन खोलून बसतो, मान वर करत नाही, हे खरंय. पण ऐकतो सगळं. खडू खाणारी ती मुलगी, चपला उलट्या घालणारा तो बुटका, सगळे मला तोंडपाठ आहेत. तू बोलत नसलीस की माझा हात चालत नाही. नको जाऊस गं. ऐकतेयस ना?"

खांद्यावर थाप पडली. एकच.

मिस्त्रींच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हातारपणी काय हा वेडेपणा, असं म्हणत ते आणखी बोलले, जन्मात बोलले नव्हते एवढं बोलले. दगडांचा एक आडोसा दिसला तशी गाडी थांबवली. "उतर, थर्मासमधला चहा घेऊ," म्हणाले आणि वळले.

सीटवर कोणी नव्हतं. मागे उंच बांधलेल्या बॅगेचा एक पट्टा सुटला होता. वाऱ्याने तो उडाला आणि त्यांच्या खांद्यावर आपटला.

पडली! कुठल्या वळणावर? केव्हा? वाऱ्याच्या धक्क्यांत मागचं वजन गेलेलंही आपल्याला कळू नये? गाडी फिरवून ते परत निघाले. आता वारा दुसऱ्या अंगाने ढकलत होता. प्रत्येक वळणाशी थांबून ते खड्ड्यांत डोकावत, हाका मारत. देवाचं नाव कधी न घेणाऱ्या या माणसाचं आठवतील तेवढ्या देवांना साकडं घालून झालं.

बाई पंपाच्या कॅबिनमध्ये हातात कप धरून बसल्या होत्या. अंगावर ओरखडा नाही.

"पडली नाहीस?"

"चढलेच नव्हते. हातमोजे घालत होते, तेवढ्यात तुम्ही निघालात."

मिस्त्री खुर्चीत कोसळले आणि हसायलाच लागले. मग हसू ओसरलं. त्यांनी हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं, बायकोच्या तोंडाकडे पाहिलं आणि रस्ताभर बोललेलं सगळं पुन्हा बोलले. खडू खाणारी मुलगी, उलट्या चपला, सगळं. पंपावरचा माणूस लाजून बाहेर गेला. "नको जाऊस," मिस्त्री म्हणाले. "तू पडलीस असं वाटलं, तेव्हा माझा जीव जागेवर नव्हता."

बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी नवऱ्याच्या हातावर हात ठेवला. मिस्त्रींना वाटलं, जिंकलो.

"खरं बोलताय, कळतंय मला," बाई म्हणाल्या. "म्हणून मीही खरं सांगते. तुम्ही निघालात तेव्हा मी दोन पावलांवर होते. जोरात हाक मारली असती तर थांबला असतात."

"मग?"

"तोंडाशी आली होती हो. मीच गिळली. तुम्ही लांब लांब जात होतात आणि मला इतकं बरं वाटत होतं, की माझीच मला भीती वाटली."

त्यांचा हात अजून मिस्त्रींच्या हातावरच होता.