काखेतला घाट

झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत जाणारा जिना सकाळी नऊलाच भरला होता. पायरीपायरीवर माणसं, आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच गोष्ट: वर कीबोर्ड नसलेला कॉम्प्युटर आहे आणि तो माणसाच्या मनातलं लिहितो. कुणाच्या नोकरीचा प्रश्न त्याने तोंड उघडायच्या आत लिहून दाखवला होता. कुणा सुनेच्या मनातला घटस्फोट तर चक्क सासूच्या समोर उमटवून मोकळा झाला होता. आतल्या माणसाला लोकांनी शोधमहाराज असं नाव ठेवलं होतं, आणि त्यानेही वेळ न दवडता ते पाटीवर रंगवून घेतलं होतं.

वहिनी आठव्या पायरीवर उभी होती. गल्लीतले लहानथोर तिला वहिनीच म्हणायचे. ती कपडे शिवून द्यायची. नवरा ट्रकवर, महिन्यातले चार दिवस घरी. तीन आठवड्यांपूर्वी आंघोळ करताना तिच्या हाताला डाव्या काखेत गाठ लागली होती. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी ती दाबून पाहिली आणि गुरुवारी अकराची वेळ दिली. सुई घालून थोडा नमुना काढू, तपासू, मग बोलू, असं त्या म्हणाल्या. त्या ‘मग बोलू’ने वहिनीची झोप उडवली होती. नवऱ्याला तिने काही कळू दिलं नव्हतं. आज सोमवार होता.

बाहेरच्या खोलीत महाराजांची मेव्हणी स्टीलचा ट्रे घेऊन बसायची. त्यात फोन ठेवायचा, तोही लॉक काढून. लॉक असलं की मनाच्या लहरी अडतात म्हणे. वहिनीने लॉक काढून फोन ठेवला आणि ती आत गेली.

आत एक टेबल, त्यावर फक्त स्क्रीन, मागे जाड पडदा. महाराज डोळे मिटून बसले होते.

“मन म्हणजे हार्ड डिस्क, कर्म म्हणजे फाइल,” ते म्हणाले. “मी कोण? मी फक्त फोल्डर उघडतो. प्रश्न मनात धरा. ओठ हलवू नका.”

ऐकायला हे भारदस्त वाटतं. अर्थ विचारायला कुणी धजत नाही, कारण कळलं नाही तर आपलीच अक्कल कमी, असं ज्याला त्याला वाटतं. वहिनीलाही तसंच वाटलं. तिने प्रश्न मनात घट्ट धरला, आणि कुणाचाही हात न लागता स्क्रीनवर एकेक अक्षर उमटत गेलं: काखेत घाट कशामुळे येतो.

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. एवढ्यात स्क्रीन झपकन निळा झाला. मधोमध एक गोल फिरू लागला आणि खाली पांढरी अक्षरं आली: अद्यतन चालू आहे. ६३% पूर्ण. संगणक बंद करू नका.

खरं तर महाराज स्वतःच दचकले होते. पण ही मंडळी स्वतःच्या दचकण्याचंही भांडवल करतात.

“अद्य म्हणजे आज. तन म्हणजे देह,” ते हळू आवाजात म्हणाले. “आजच्या घडीला तुमचा देह त्रेसष्ट टक्के पूर्ण झालाय. उरले सदतीस. बंद करू नका, असंही लिहिलंय. म्हणजे इथलं येणं बंद करू नका. एकवीस बैठका कराव्या लागतील. आणि ती सुई अंगात जाऊ देऊ नका. सुई गेली की फाइल फाटली.”

सुईबद्दल ती एक अक्षर बोलली नव्हती. ती स्क्रीनकडे बघत राहिली, आणि तिच्या डोळ्यांदेखत त्रेसष्टाचे चौसष्ट झाले. घरापर्यंत ती कशी पोचली ते तिचं तिला आठवेना.

पुढचे दोन दिवस घरात मशीनचा आवाज नव्हता. जेवण जाईना. आता किती झाले असतील, अडुसष्ट की सत्तर, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं. गुरुवारी दवाखान्यात जायचं नाही, हे तिने ठरवून टाकलं होतं. बुधवारी दुपारी तिची मोठी नणंद आपला शिवायला टाकलेला कुर्ता न्यायला आली. ही शाळेत कॉम्प्युटर शिकवायची. लग्न केलं नव्हतं, आणि का नाही केलं असं विचारणाऱ्याला पुन्हा विचारावंसं वाटू नये असं उत्तर तिच्याकडे तयार असायचं. कुर्त्याची बाही उलटी जोडलेली बघून तिने वहिनीच्या तोंडाकडे पाहिलं आणि दार लावून घेतलं. मग वहिनीने रडत रडत सगळं सांगितलं.

नणंद हसली नाही. गाठ कधीपासून आहे, दुखते का, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या, हे तिने आधी विचारून घेतलं.

“तो निळा स्क्रीन मला महिन्यातून एकदा तरी दिसतो,” मग ती म्हणाली. “शाळेत चोवीस कॉम्प्युटर आहेत. शंभर टक्के झाले की पुन्हा सुरू होतात, आणि पोरं खेळ उघडून बसतात. अद्यतन म्हणजे अपडेट, वहिनी. त्यात देहबीह काही नाही. जुन्या चुका दुरुस्त करायला कंपनी पाठवते ते. हा महाराज ‘नंतर, नंतर’ करत टोलवत बसला असणार. फार टोलवलं की कॉम्प्युटर स्वतःच सुरू करतो, समोर कोण बसलंय ते बघत नाही.”

“पण ताई, माझ्या मनातलं कसं कळलं त्याला?”

नेमकं काय उमटलं, शब्द न् शब्द सांग, असं नणंद म्हणाली. वहिनीने पाठ केल्यासारखं म्हणून दाखवलं.

“घाट?” नणंदेने विचारलं. “काखेत?”

“तसंच होतं तिथे.”

“काखेत घाट कसा येईल? वळणावळणाचा रस्ता काढलाय का तिथे?”

तीन आठवड्यांत पहिल्यांदा वहिनीच्या ओठांचा कोपरा हलला. नणंदेने तिचा फोन मागून घेतला आणि आजवर काय काय शोधलं त्याची यादी उघडली. ‘काखेत घाट कशामुळे येतो’ तिथे जसंच्या तसं होतं. वहिनी इंग्रजी अक्षरं दाबून मराठी लिहायची. घाईत टीनंतरचा एच जीनंतर पडला होता आणि गाठीचा घाट झाला होता. यादीत त्याच्याच वर होतं, ‘सुई घालून तपासलं तर गाठ पसरते का’.

“त्याच्यासमोर बसलीस तेव्हा तुझ्या मनात काय होतं? गाठ की घाट?”

“गाठच की.”

“मग मन वाचणाऱ्याने गाठ लिहायला हवं होतं. घाट फक्त तुझ्या फोनमध्ये होता. आणि फोन तू लॉक काढून त्यांच्या हातात दिलास.”

वहिनीला पटलं. पण चौसष्ट हा आकडा तिच्या डोळ्यांपुढून हलेना. म्हणून गुरुवारी सकाळी दवाखान्याआधी दोघी त्या जिन्यावर जाऊन उभ्या राहिल्या. जाण्याआधी नणंदेने आपल्या फोनवर एक प्रश्न शोधला होता. ट्रेमध्ये फोन ठेवताना तिने भाबडा चेहरा केला आणि वहिनीला सोबत म्हणून आत नेलं.

महाराजांनी हार्ड डिस्क आणि फोल्डर पुन्हा ऐकवले. स्क्रीनवर अक्षरं आली: सात वर्षांपूर्वी सोडून गेलेला नवरा परत येईल का.

“उत्तरेला आहे तो,” महाराज डोळे मिटूनच म्हणाले. “पस्तावलाय. तुमच्या नावाने रडतो.”

“रडू दे,” नणंद म्हणाली. “माझं लग्नच झालेलं नाही. मनात मी सतराचा पाढा म्हणत होते.”

महाराजांनी डोळे उघडले. एखादवेळी मागच्या जन्माची फाइल उघडते, असं काहीतरी ते बोलू लागले. ते ऐकायला वहिनी थांबली नाही. तिनेच पुढे होऊन जाड पडदा ओढला. पलीकडे बाहेरच्या खोलीतून येणारा अरुंद बोळ होता आणि त्यात स्टुलावर मेव्हणी बसली होती. डाव्या हातात नणंदेचा फोन होता, मांडीवर बिनवायरचा कीबोर्ड. पडद्याआडून महाराजांच्या कानाशी कुजबुजता येईल इतकं ते स्टूल जवळ होतं.

“सदतीसच उरलेत तुमचे, विसरू नका,” महाराज मागून म्हणाले.

क्षणभर वहिनीला वाटलं, खरंच असलं तर? मग तिची नजर त्या कीबोर्डवर गेली. तिला छळणारी अक्षरं याच बटणांवरून आली होती, आणि दाबणारीच्या मनात तिच्याबद्दल ना दया होती ना राग. वहिनीला तेव्हा पहिल्यांदा संताप आला. तिने नणंदेचा फोन काढून घेतला आणि जिन्याच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. खालपर्यंतची सगळी माणसं वर बघत होती. आत काय बघितलं ते तिने सरळ सांगितलं: फोन उघडा ठेवला की बाई त्यातलं वाचते, पडद्याआडून टाइप करते, आणि निळा स्क्रीन म्हणजे अपडेट. नणंदेने मागून भर घातली, की शोधलेलं पुसता येतं, आणि लॉक आपण स्वतःसाठी लावतो, ते दुसऱ्याने सांगितलं म्हणून काढायचं नसतं.

दोघा-तिघांनी खिशातले फोन चाचपले. एक म्हातारे गृहस्थ मात्र चिडले. एवढं होतं तर तुम्ही कशाला आलात इथे, असं त्यांनी विचारलं.

“घाबरले म्हणून आले,” वहिनी म्हणाली. “तुम्हीही सगळे घाबरूनच आलायत, मला माहीत आहे. त्यात लाज नाही. पण आपल्या भीतीवर याचं पोट चालतं. ज्याला उत्तर येतं त्याला विचारा, डॉक्टरला विचारा, वकिलाला विचारा. उत्तर वाईट असेल तरी ते खरं असेल, आणि खऱ्यावर काहीतरी करता येतं. माझ्या काखेत गाठ आहे. तिचं काय होणार, मला ठाऊक नाही. मी अजूनही घाबरलेलीच आहे. पण आता दवाखान्यात जाऊन घाबरणार.”

नणंदेने तिचा हात धरला, आणि अकराला पाऊण तास असताना दोघी जिना उतरल्या.