पांढऱ्यात पांढरं

“वहिनी, हात काढ तिथून, लोक बघतायत,” दवाखान्याच्या बाकावर नणंद कुजबुजली. “अजूनही घरी चल. पहिला एक्स-रे स्वच्छ आलाय ना? दादा म्हणतो, उगाच खूळ घेतलंय डोक्यात.”

“छाती माझी की तुझ्या दादाची?” टेलरबाईंनी तपासणीसाठी घालायला दिलेला गाऊन उलटा करून शिवण पाहिली. “काय टाके घातलेत मेल्यांनी!”

डाव्या काखेजवळ काहीतरी बाईंच्या बोटांना लागत होतं. डॉक्टरांच्या हाताला ते लागलं नव्हतं. छातीच्या ऊती दाट असल्या की एक्स-रेत पांढऱ्या दिसतात आणि गाठही पांढरीच, हे त्यांनीच सांगितलं होतं. पण घाई नाही, सहा महिन्यांनी बघू, म्हणाले होते.

“पांढऱ्या कापडावर पांढरा दोरा मलाही दिसत नाही. काहीतरी रंग घाला,” असं म्हणून बाई तेव्हा डॉक्टरांसमोरच्या खुर्चीवरून हलल्याच नव्हत्या. शेवटी डॉक्टरांनी शिरेतून औषध देऊन काढायचा एक्स-रे लिहून दिला होता. संशयाच्या जागी रक्त जास्त खेळतं. तिथं हे औषध साचून उजळतं.

बाईंना आत बोलावल्यावर एक्स-रे काढणाऱ्या मुलीनं सुई टोचली. “अंगात ऊब पसरेल, काकू. तोंडाला लोखंडाची चव येईल.”

“लघवी झाल्यासारखं वाटतंय गं!”

“सगळ्यांनाच वाटतं. झालेली नसते.”

“बरं झालं. नाहीतर बाहेरच्या नणंदेला वर्षभराचा विषय मिळाला असता.”

मुलगी खळखळून हसली. उजवी बाजू झाली. मग डावी. यंत्राच्या दोन प्लेटांमध्ये छाती दाबली गेली, श्वास रोखला, यंत्र दोनदा खटकलं. मुलगी पडद्याकडे बघत राहिली.

“ही बाजू थोड्या वेळानं परत घेऊ, काकू.”

“काय दिसलं?”

“डॉक्टर सांगतील.”

“तू हसायची थांबलीस.”

मुलीनं मान खाली घालून यंत्राची प्लेट सैल केली.

“तोंड नको पाडूस. आहे, आहे म्हणून मी कधीची ओरडतेय. आता जागा कळली. जागा कळली की उसवता येतं.” त्यांनी स्वतःच डावी बाजू पुढे केली. “चल, दाब. नीट घे.”

त्या बाहेर आल्या तेव्हा नणंद उठून उभी राहिली. तिनं वहिनीच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

“दादाला फोन लावू?”

“मी लावते. खूळ सापडलं म्हणून सांगते.”

बाई बाकावर बसल्या. त्यांचा हात सवयीनं डाव्या काखेकडे गेला. समोर माणसं होती.  या वेळी नणंद त्यांच्या पुढ्यात, लोकांकडे पाठ करून उभी राहिली.